रिपोर्ट नॉर्मल, पेशंट सीरियस

न्यू जर्सीत असलेल्या माझ्या एका मित्राचा मध्यंतरी शनिवारी भल्या सकाळी फोन आला. कॉलेजपासूनचा मित्र, त्यामुळे 'हॅलो' वगैरे भानगड नाहीच. थेट म्हणाला, "अरे, माझं लेदर तीन आठवडे उघडलंच नाहीये."

मी अर्धवट झोपेत. मला वाटलं सोफ्याबद्दल बोलतोय.

मग उलगडा झाला. साहेबांनी दोन वर्षांपूर्वी घरात तीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी बसवली आहे आणि तिच्यात सॉफ्ट कोरल म्हणजे मऊ प्रवाळ पाळले आहेत. 'लेदर' म्हणजे सार्कोफायटन, भूछत्रासारखं दिसणारं एक प्रवाळ. ते आता मिटून, सुरकुतून बसलं होतं. शेजारची झेनिया विरघळत चालली होती. हिरव्या पॉलिपांचा गालिचा अर्धा बंद. मासे मात्र मजेत.

"पाणी तपासलंस का?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"सगळं तपासलं. क्षारता बरोबर, तापमान २५, अमोनिया शून्य, कॅल्शियम ४२०, नायट्रेट पाच. सगळं हिरवं आहे रे!"

हे वाक्य मी ऑफिसात इतक्या वेळा ऐकलंय की झोपच उडाली. डॅशबोर्ड हिरवा, लॉग स्वच्छ, आणि कस्टमर मात्र ओरडतोय. मला माशांतलं ओ की ठो कळत नाही, पण या प्रकारचा बग मी ओळखतो. म्हणून त्या वीकेंडला वाचायला बसलो, आणि हा प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना आहे असं लक्षात आलं. आजची पोस्ट त्याबद्दल.

आधी थोडी ओळख. प्रवाळ हा प्राणी आहे. झाडासारखा दिसला तरी तोंड, पोट सगळं असलेला प्राणी. मऊ प्रवाळांच्या प्रत्येक पॉलिपला आठ बोटं असतात आणि प्रत्येक बोट पिसासारखं. कठीण प्रवाळ चुन्याचा सांगाडा बांधतात, हे बांधत नाहीत. यांच्या अंगात चुन्याच्या बारीक सुयांसारखे कण तेवढे असतात. बहुतेकांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडात अन्न बनवतं आणि भाडं म्हणून घरमालकाला देतं. आता असा प्राणी समुद्रातून काढून काचेच्या पेटीत ठेवायचा आणि तो जगला पाहिजे म्हणायचं. हट्टच आहे एक प्रकारचा.

हा हट्ट पहिल्यांदा जिने यशस्वी केला ती ॲना थिन. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या एका बड्या धर्मगुरूची बायको. १८४६ साली ती इंग्लंडच्या दक्षिणेला टॉर्की गावी गेली होती. तिथे तिला किनाऱ्यावरच्या खडकांवर छोटे वाटीसारखे प्रवाळ दिसले आणि ती वेडीच झाली. ते लंडनला न्यायचे तर रस्त्यात आपटून फुटणार. बाईंनी काय करावं? सुईदोरा घेतला आणि प्रवाळ एका मोठ्या स्पंजाला टाचून टाकले! तो स्पंज दगडी बरणीतल्या समुद्राच्या पाण्यात ठेवून लंडनला आणला.

लंडनला समुद्र नाही. आणलेलं पाणी शिळं होऊ लागलं. मग तिने ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायला सुरुवात केली, चहा गार करताना आपण करतो तसं. रोज अर्धा-पाऊण तास. अर्थात हे काम तिच्या लहानग्या मोलकरणीकडे होतं. आजच्या टाक्यांमधला एअर पंप म्हणजे त्या मुलीचे हात. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्रशेवाळ आणून ठेवलं. ते प्रवाळ तिच्याकडे जवळजवळ तीन वर्षं जगले, त्यांना पिल्लंही झाली. तिच्या नोंदी १८५९ मध्ये छापून आल्या.

बग क्रमांक एक: हवा. फिक्स: ओतत राहा.

त्याच सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनतज्ज्ञ दुसऱ्या टोकाने हाच प्रश्न सोडवत होता. गोड्या पाण्याच्या भांड्यात त्याने दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बन डायऑक्साइड देतील, हिशोब बरोबर. पण थोड्याच दिवसांत वनस्पतीची पानं कुजून पाणी हिरवट गढूळ झालं. मग त्याने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी स्वच्छ झालं. १८५० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. वनस्पती, प्राणी आणि सफाई कामगार असा तिघांचा 'समतोल' ही कल्पना इतकी गोड होती की पुढची कित्येक दशकं लोक तिच्यावरच जगले.

मग आला फिलिप हेन्री गॉस. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं, त्यात हा माणूस होता. १८५४ च्या त्याच्या पुस्तकामुळे 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरी गेला. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने घरी समुद्राचं पाणी बनवायची कृतीसुद्धा दिली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. चार क्षार, पाणी, ढवळा. शिवाय प्राणी सोडण्याआधी त्या पाण्यात काही दिवस शेवाळ ठेवायचं. आज जाणकार लोक 'टाकी आधी मुरू द्या' म्हणतात, ते त्याने नकळत सांगून ठेवलं होतं.

आणि इथे गोष्टीला एक काळी बाजू आहे. गॉसच्या पुस्तकांनी इंग्लंडमध्ये वेड लागलं. माणसं रेल्वेने किनाऱ्यावर जात, हातोडी-छिन्नीने खडकातले प्राणी काढत, बरण्या भरून घरी आणत. बहुतेकांच्या टाक्या सडल्या. मेलेले फेका, नवीन आणा. गॉसच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ मध्ये वडिलांवर जे पुस्तक लिहिलं त्यात त्याला याचीच खंत आहे. वडिलांनी ज्या डबक्यांचं सौंदर्य जगाला दाखवलं ती डबकी त्यांच्याच वाचकांनी ओरबाडून नेली. आपण 'ट्रायल अँड एरर' सहज म्हणून जातो, पण इथे प्रत्येक एरर म्हणजे एक जीव होता.

टाक्या सडत का होत्या? समतोल तर पाळला होता. उत्तर डोळ्यांना न दिसणारं होतं. १८७७ मध्ये श्लेझिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं की अमोनियाचं नायट्रेट होणं हे जिवंत गोष्टींचं काम आहे, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्कीने ते जिवाणू वेगळे करून दाखवले. माशांच्या मूत्रातला आणि कुजणाऱ्या अन्नातला अमोनिया विषारी. एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. म्हणजे वॉरिंग्टनच्या भांड्यात तीन नोकर नव्हते, चौथा होता, आणि तो हजेरीपटावरच नव्हता. ही सगळी मंडळी तेव्हा मातीचा आणि सांडपाण्याचा विचार करत होती. मत्स्यालयवाल्यांच्या रोजच्या व्यवहारात ही गोष्ट मुरायला विसावं शतक बरंच पुढे जावं लागलं.

नंतर उजेडाचा मुद्दा आला. १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर सी. एम. यंग याच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम गेली. त्यांनी प्रवाळ अंधाऱ्या पेट्यांत ठेवून पाहिले. प्रवाळांनी आतलं शैवाल बाहेर टाकलं, पण खायला मिळालं तर ते जगले. निष्कर्ष: प्रवाळ मांसाहारी आहेत, शैवाल नसलं तरी भागतं. त्यानंतर इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी गोहर नावाच्या शास्त्रज्ञाने झेनियाच्या कुळाचा अभ्यास केला. १९४० च्या त्याच्या निष्कर्षानुसार झेनिया जवळजवळ पूर्णपणे आतल्या शैवालावर जगते. म्हणजे एकाच टाकीत शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला जेवण हवं, दुसऱ्याला ऊन. दोघांना 'प्रवाळ' हे एकच लेबल लावून एकच औषध दिलं की एक तरी मरणार.

पन्नास-साठच्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या घरगुती खाऱ्या टाक्यांमध्ये प्रवाळ असायचे, पण मेलेले. ब्लीच करून पांढरेशुभ्र केलेले सांगाडे, शोभेला. जिवंत प्रवाळ टिकत नाहीत हे सगळ्यांनी मान्यच करून टाकलं होतं. तेव्हा जकार्तात ली चिन एंग नावाचा गृहस्थ आपल्या टाक्यांत जिवंत प्रवाळ वाढवत होता. १९६१ मध्ये त्याने एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. फिल्टर नाही. समुद्रातून आणलेले सच्छिद्र दगड, त्यांच्यावर आणि आत राहणारे असंख्य जीव, हवेचे बुडबुडे आणि उष्ण कटिबंधातलं फुकटचं ऊन. बस. विनोग्राड्स्कीचे जिवाणू त्या दगडांत आपोआप होते. पण पश्चिमेत बहुतेकांनी ते वाचून 'तुमच्याकडे ऊन आहे, समुद्र आहे, तुमचं काय!' म्हणून सोडून दिलं. (आमच्या टीममध्येही ज्युनिअरने सुचवलेला फिक्स असाच सोडला जातो. असो.)

मग जर्मन भाषिक मंडळींनी हे मनावर घेतलं. पीटर विल्केन्सचं पुस्तक १९७३ चं. त्याने सांगितलेली एक गोष्ट वाचून मला हसू आलं. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना साधं पाणी भरू नका, चुन्याची निवळी भरा. होय, आपल्या पानाच्या डब्यातल्या चुन्याचीच! चुना पाण्यात ढवळायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी थेंबथेंब टाकीत. त्याने कॅल्शियमही मिळतं आणि पाण्याची आम्लता सावरण्याची ताकदही टिकते. जिवंत दगड, झगझगीत दिवे, चुन्याची निवळी आणि प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी घाण फेसात गोळा करून बाहेर काढणारं यंत्र (डाळीवरचा फेस आपण डावाने काढतो तसं). या सगळ्याला पुढे 'बर्लिन पद्धत' नाव पडलं. बर्लिनच्या डीट्रिश श्ट्यूबरने याच पद्धतीने घरात कठीण प्रवाळ वाढवून त्यांचे तुकडे लोकांना वाटले. अमेरिकेत १९८६ मध्ये जॉर्ज स्मिटच्या लेखमालेने 'मिनी रीफ'ची लाट आणली आणि घरोघरी टाक्या आल्या.

या लाटेत सगळ्यात सुखाने जगले ते मऊ प्रवाळ. सांगाडा नाही, मागण्या कमी. 'नवशिक्यांचे प्रवाळ' असा शिक्काच बसला त्यांच्यावर. आणि म्हणूनच ते अचानक मिटायला लागले की कुणाला काही सुचत नसे. झेनिया तर यासाठी बदनाम. महिनोन्महिने तणासारखी वाढते, टाकीभर पंजे उघडझाप करत असतात, आणि एका आठवड्यात सगळी विरघळून जाते. यावर सल्ला एकच, 'आयोडीन टाका.' पुरावा काय, तर अमक्याने टाकलं आणि त्याची वाचली. न वाचलेल्यांनी लेख लिहिले नाहीत, इतकंच.

खरा धागा पुन्हा ऑस्ट्रेलियात मिळाला, आणि तो शोधणाऱ्यांच्या डोक्यात घरगुती टाक्या नव्हत्याच. मऊ प्रवाळ मऊ आहेत, त्यांना पळता येत नाही, तरी मासे त्यांना फारसे खात नाहीत. का? टाउन्सव्हिलचे जॉन कोल, पॉल सामार्को आणि त्यांचे सहकारी याचा माग काढत होते. या प्राण्यांच्या अंगात टर्पीन जातीची रसायनं ठासून भरलेली असतात. १९८३ च्या त्यांच्या शोधनिबंधात मऊ प्रवाळ कठीण प्रवाळांशेजारी नेऊन ठेवल्याचे प्रयोग आहेत. शेजाऱ्याचं अंग जळालं, काही ठिकाणी तर प्रत्यक्ष स्पर्श न होतासुद्धा. म्हणजे हे गरीब दिसणारे जीव आपली जागा विष सोडून राखतात. समुद्रात ते विष वाहून जातं. तीनशे लिटरच्या पेटीत कुठे जाणार? चाळीतल्या एका खोलीत पाच भाऊ भांडत असावेत आणि खिडकी बंद असावी, तशी अवस्था. ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाकून ती बदलत राहा, हा सल्ला या संशोधनामुळे समजून देता येऊ लागला.

पुढचा धडा उलटा होता. दोन हजारच्या दशकात नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायची स्पर्धा लागली. पाणी काचेसारखं, आणि प्रवाळ फिक्के. २०१० च्या दशकात इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनच्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने कठीण प्रवाळांवर काम करून दाखवलं की फॉस्फेटची उपासमार झाली तर आतलं शैवाल बिघडतं आणि प्रवाळ पांढरे पडतात. ज्याला आपण दीडशे वर्षं घाण समजून काढत होतो त्यातला थोडा भाग जेवण होतं.

एवढं वाचून झाल्यावर मला एक पॅटर्न दिसला. यातलं कुठलंही उत्तर चूक नव्हतं. हवा लागतेच, समतोल लागतो, जिवाणू, उजेड, चुना, कार्बन सगळंच लागतं. गडबड एवढीच की प्रत्येक पिढीने आधीच्या बगचा फिक्स पुढच्या बगवर चालवला. आणि आपल्याकडच्या मोजपट्ट्या म्हणजे जुन्या बगांची यादी असते. अमोनिया शून्य म्हणजे एकोणिसाव्या शतकातली चूक आपण केलेली नाही, एवढंच ती चाचणी सांगते. जे अजून कुणी यादीत टाकलंच नाही, ते हिरवंच दिसणार.

रविवारी मित्राला फोन केला. "गेल्या तीन आठवड्यांत काय काय केलंस?"

"अर्धं पाणी बदललं, दिवे कमी केले, आयोडीन टाकलं, कार्बन बदलला, लेदरची जागा हलवली."

"एकदम?"

"मग काय करू, मरताना बघत बसू?"

त्याचंही खरं होतं. पण पाच बदल एकदम केले की सुधारलं तरी कशाने ते कळत नाही आणि बिघडलं तरी नाही. आम्ही सरळ यादी केली. सार्कोफायटन अधूनमधून काही दिवस मिटतं, अंगावर मेणचट पापुद्रा धरतं आणि कात टाकल्यासारखं तो टाकून परत उघडतं. तो आजार नसतो. पण तीन आठवडे, आणि सोबत बाकीचेही आजारी? मग ते नाही. रात्री लाल टॉर्च घेऊन कुरतडणारे किडे शोधले, नाहीत. विषाचं भांडण म्हणावं तर कार्बन आत्ताच बदललेला. फॉस्फेट मोजण्याइतपत होतं, म्हणजे उपासमारही नाही. मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे सगळे आजारी, या एका गोष्टीवर मी अडलो. कारण वाचलेलं डोक्यात ताजं होतं: माशांच्या औषधातल्या तांब्याने मासे बरे होतात आणि प्रवाळ मरतात.

त्याने औषध कधीच टाकलं नव्हतं. पण पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. प्लाझ्मात पाणी जाळून त्याच्या उजेडावरून डझनावारी मूलद्रव्यं मोजण्याची ही सोय गेल्या दहा-बारा वर्षांत हौशी लोकांच्या आवाक्यात आली आहे. रिपोर्ट आला. निकेल आणि तांबं, दोन्ही चढलेली. त्याच्या घरच्या किटला दिसणार नाही इतकी, पण प्रवाळांना पुरेशी.

निकेल आणि तांबं एकत्र कुठून येणार? जोरदार निओडिमियम चुंबकांवर निकेल-तांबं-निकेल असा मुलामा असतो. टाकीची काच आतून घासायचा चुंबकी ब्रश त्याने बाहेर काढून पाहिला. प्लास्टिकच्या कडेला केसाएवढी भेग आणि आत गंजाने फुगलेलं चुंबक. टाकी स्वच्छ ठेवायची वस्तूच दोन वर्षं पाण्यात मुक्कामाला होती, आणि टाकी बिघडल्यावर त्याने ती जास्त वेळा फिरवली होती.

ब्रश फेकला, धातू शोषणारी गादी टाकली, पाणी थोडं थोडं बदललं. बाकी कशाला हात लावायचा नाही, असं मी बजावलं. पाचव्या आठवड्यात लेदरने पापुद्रा टाकला आणि फोटो आला, भूछत्रावर पुन्हा केसांसारखे पॉलिप. हिरवा गालिचा हळूहळू उघडतोय. झेनिया गेली. तिच्यासाठी उत्तर उशिरा मिळालं.

मी त्याला विचारलं, नवीन झेनिया आणणार का? म्हणाला, "सहा महिने नाही. आधी टाकी काय म्हणते ते बघतो." थिनबाईंनीही बहुधा हेच केलं होतं, रोज समोर बसून बघणं.

कुणी हे वाचून मालवणला हातोडी घेऊन जायच्या बेतात असेल तर सांगून ठेवतो: भारतात २००१ मध्येच कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, वाघाच्या पंगतीला. गॉसच्या वाचकांनी जे केलं ते आपण करू नये. स्नॉर्केल लावा, पाण्यात डोकं घाला, बघा आणि परत या.

बाकी सोमवारी ऑफिसात कुणी "सगळं हिरवं आहे" म्हणालं की मी आता एकच विचारतो: आपण मोजत काय नाही आहोत? लोकांना वाटतं मी मॅनेजर व्हायची तयारी करतोय :)